झाड कटिंगवाला "लांब पडतं" म्हणाला तर चिडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. घराजवळचं एक मोठं झाड हलकं करून घ्यायचं होतं म्हणून त्यांनी तीन जणांना फोन केले, एकजण म्हणाला लांब पडतं येत नाही, दुसरा म्हणाला येतो पण येण्याजाण्याचे वेगळे द्यावे लागतील, आणि तिसरा म्हणाला कुठेही येतो, वेगळं काही नको. साहजिकच काम तिसऱ्याला गेलं. आणि मग गृहस्थांनी पहिल्या दोघांवर राग काढलाय, की आजकाल चाळीस किलोमीटर म्हणजे काय अंतर आहे का, लोक रोज ऑफिसला तेवढं जातात, ह्या लोकांना कामच नकोय, माज आलाय वगैरे वगैरे.

मी त्या पहिल्या दोघांच्या धंद्यातला. बावीस वर्षं झाडं छाटायचं आणि उतरवायचं काम करतोय. आणि खरं सांगायचं तर त्यातली पहिली सहा-सात वर्षं मी तो तिसरा माणूस होतो. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, काटछाट करायची तर करा, आमच्याच धंद्यातला शब्द आहे.

नवीन असताना फोन आला की मी पत्ता नंतर विचारायचो, आधी "हो" म्हणायचो. काम सोडायची भीती वाटायची. एकदा असंच दोन तासांवरचं काम घेतलं. फोनवर सांगितलं होतं की एकच वाळलेली फांदी आहे, तासाभराचं काम. तिघं गेलो. वर चढल्यावर कळलं की फांदी वाळलीय कारण तिच्या बुडाशी खोड आतून पोकळ आहे, आणि खाली पत्र्याची शेड, म्हणजे नुसतं कापून सोडायचा प्रश्नच नाही, दोर लावून तुकड्या तुकड्याने उतरवायला लागणार. तेवढा दोर आणि तेवढ्या कप्प्या त्या दिवशी गाडीत नव्हत्या. जवळचं काम असतं तर एका पोराला पाठवून सामान मागवलं असतं. इथे अर्धं काम करून संध्याकाळी परत आलो. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, काम उरकलं पण ओंडके न्यायला गाडी कमी पडली, म्हणून तिसरा हेलपाटा. पैसे मात्र ठरले होते तेवढेच, एका फांदीचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्या तीन दिवसांत घराजवळची दोन कामं दुसऱ्याला गेली ती वेगळीच.

तेव्हापासून एक हिशोब डोक्यात बसलाय तो सांगतो. आमची टीम तिघांची, एक वर चढणारा, एक दोर सांभाळणारा, एक खाली फाटे ओढणारा. आठ तासांचा दिवस धरला तर तिघांचे मिळून २४ तास. आता काम दीड तासावर आहे, म्हणजे जाऊन येऊन तीन तास, आणि ते एकाचे नाहीत, तिघांचे, म्हणजे ९ तास रस्त्यावर गेले. झाडाला उरले १५. तेवढीच कमाई हवी असेल तर मला रेट १.६ पट लावायला पाहिजे. कोण देणार? कोणी देत नाही, म्हणून कोणी लावतही नाही. मग ते ९ तास भरून कुठून काढायचे, तर कामातून. चढायच्या आधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारून बघायचं ते राहतं, चेनसॉच्या म्हणजे यंत्रकरवतीच्या साखळीला धार लावायची ती राहते, काप नीट घ्यायचा तो उरकला जातो. ऑफिसला रोज चाळीस किलोमीटर जाणारा माणूस एकटा जातो आणि बॅग घेऊन जातो हो, तो मागे चिपरचा, म्हणजे फाट्यांचा भुसा करायच्या यंत्राचा, ट्रेलर लावून तिघांना घेऊन जात नाही. मॅपवर जो टाइम दाखवतात तो ट्रेलर नसलेल्या गाडीचा असतो.

नवीन पोरांना अजून एक मोह असतो, वर्तुळ मोठं करायचा. दहा किलोमीटरऐवजी वीसपर्यंत कामं घेऊ, दुप्पट कामं मिळतील. दुप्पट नाही, चौपट मिळतील, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, दहाच्या वर्तुळात ३१४ चौरस किलोमीटर येतात आणि विसाच्या वर्तुळात १२५६. शाळेत शिकलेलंच आहे. पण त्यातली मेख अशी की ह्या विसाच्या वर्तुळातला तीन चतुर्थांश भाग घरापासून दहा किलोमीटरच्या पलीकडे असतो. म्हणजे फोन वाढतील, पण चारातले तीन फोन लांबचेच असतील आणि आज ह्या टोकाला उद्या त्या टोकाला. मी स्वतः एका वर्षी हे करून बघितलं, वही भरलेली दिसायची, खिसा तसाच. गाडीचे टायर मात्र त्याच वर्षी बदलावे लागले.

लाकूड ही चीजच अशी आहे की तिला लांब जायला आवडत नाही. जर्मनीत योहान फॉन थ्युनेन म्हणून एक जमीनदार शेतकरी होऊन गेला, त्याने १८२६ साली मांडलं होतं की शहराभोवती कोणती शेती कुठे परवडेल. अगदी जवळ दूध आणि भाजीपाला, कारण ते नासतं. आणि त्याच्या लगेच पुढे, धान्याच्याही आधी, जंगल! आज ऐकायला विचित्र वाटतं, पण तेव्हा जळण आणि इमारतीचं लाकूड गाड्यांवरून ओढून आणायचं होतं आणि लाकडाला वजन फार, किंमत त्यामानाने कमी, म्हणून ते जवळच हवं. आज ट्रक आले तरी ओल्या लाकडाचं वजन काही कमी झालेलं नाही. नुकतं कापलेलं लाकूड एक घनमीटर म्हणजे बऱ्याच जातींत टनाच्या आसपास भरतं. आणि फाटे उलटे, वजन कमी पण जागा एवढी खातात की एका मध्यम झाडाच्या पालव्याने अख्खी गाडी भरते, म्हणून तर चिपर न्यावा लागतो. घराजवळ मला माहीत असतं की भुसा कोणाला लागतो, ओंडके कोण नेतो, टाकायचं तर कुठे चालतं. अनोळखी ठिकाणी दुपारी चार वाजता भरलेली गाडी घेऊन विचारत फिरायला लागतं, नाहीतर तोच सगळा माल परत ओढून आणायचा.

इथपर्यंतचं सगळं पैशाचं झालं. पैशाचं एवढं काही नाही, ते ज्याचं तो बघून घेईल, तोट्यात गेला तर शिकेल मी शिकलो तसा. मला जे खरं सांगायचंय ते झाडाबद्दल आहे. लांबून आलेला माणूस झाड जास्त कापतो.

वाईट म्हणून नाही. दोन्हीकडून तसं होतं. गिऱ्हाईक खाली उभं राहून म्हणतं, एवढ्या लांबून आलाच आहात तर अजून थोडं उतरवा, परत परत कुठे बोलवायचं तुम्हाला. आणि वर बसलेल्यालाही वाटतं की खरंच आहे, आपण काही वर्षभरात परत इकडे येत नाही, चांगलं मोकळं करून टाकू, माणूसही खूश होईल की पैसे वसूल झाले. मी हे केलंय. कितीदा केलंय ते सांगायची लाज वाटते. संध्याकाळी सगळं कसं उजेडाचं आणि स्वच्छ दिसतं, गिऱ्हाईक हात जोडतं, आणि आपण गाडीत बसून निघून जातो. त्या झाडाचं पुढे काय होतं ते बघायला आपण तिथे नसतो.

काय होतं ते सांगतो. झाडाचं पान म्हणजे त्याचं स्वयंपाकघर. छाटणीच्या शिक्षणात बरीच वर्षं एक आकडा शिकवला जातोय, की एका हंगामात पालव्याचा २५ टक्क्यांपेक्षा जास्त भाग काढू नये, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी झाडाचा त्याहून बराच कमी. त्याच्या पुढे गेलात की झाड घाबरल्यासारखं करतं, साठवलेलं सगळं काढून खोडाला आणि जाड फांद्यांना सरळ उभे फुटवे फोडतं, शेकड्यांनी. लोकांना वाटतं बघा किती छान फुटलं. ते फुटवे वरवरच्या थरातून आलेले असतात, आतल्या लाकडात त्यांची पकड नसते, आणि तीन-चार वर्षांनी जाड झाले की वाऱ्यात तेच मोडून पडतात. म्हणजे ज्या धोक्यासाठी झाड हलकं केलं तो धोका आपणच वाढवून ठेवला. आणि मग पुन्हा फोन, पुन्हा लांबचा माणूस, पुन्हा "आलाच आहात तर".

आणि झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, हे तर आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. ॲलेक्स शिगो नावाचे अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ होते, त्यांनी चेनसॉने हजारो खोडं उभी चिरून आत बघितलं. त्याआधी लोक आडवं कापून बघायचे, ह्यांनी उभं कापलं आणि चित्रच बदललं. त्यांना दिसलं की झाड खराब झालेला भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंती घालून त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवत जातं. जुनी जखम आत कायमची तशीच राहते. म्हणजे मी पंधरा वर्षांपूर्वी घाईत घेतलेला चुकीचा काप आजही कुठल्यातरी झाडाच्या पोटात आहे. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर गळा असतो, काप त्याच्या जस्ट बाहेर घ्यायचा, गळ्यात घुसायचं नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. जड फांदी असेल तर आधी पुढे खालून एक अर्धा काप, मग त्याच्या जरा पलीकडे वरून, मग उरलेला खुंट शेवटी नीट, नाहीतर फांदी पडताना खाली सालीची पट्टी ओढत नेते. तीन काप, एकाच फांदीला. ज्याला सहाच्या आत निघून दोन तास गाडी चालवायचीय तो चाळीस फांद्यांना तीन-तीन काप घेतो का ते तुम्हीच विचार करा.

जवळचा माणूस यंदा थोडं काढतो, पुढच्या वर्षी जाता-येता बघतो, कुठे फुटलंय कुठे वाळलंय, दोन वर्षांनी परत थोडं. लहान झाडाला तर हेच लागतं, पहिली दहा-पंधरा वर्षं अधूनमधून हातकरवतीने पाच मिनिटांचं काम केलं तर पुढे चेनसॉ लावायची वेळच फार कमी येते. पण पाच मिनिटांच्या कामासाठी दीड तास कोण जाणार? म्हणून लांबच्या झाडाला ते मिळतच नाही, त्याला थेट मोठेपणीच मोठी शिक्षा.

तर माझं माप किलोमीटरचं नाही. मी स्वतःला एकच विचारतो, ह्या ठिकाणी मला काहीतरी चुकलं म्हणून फुकट परत यायला लागलं तर येईन का? कुरकुर न करता? जिथे उत्तर हो येतं तिथपर्यंत माझी हद्द. माझ्या बाबतीत ती साधारण पाऊण तासाची आहे, कोणाची अर्ध्या तासाची असेल, मोकळ्या भागात राहणाऱ्याची दीड तासाची असेल कारण तिथे घरंच लांब लांब असतात आणि रस्ता रिकामा. चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस पायी असो की गाडीत, दिवसाला साधारण एक तासच प्रवासाला देतो, वेग वाढला की अंतर वाढतं पण तास तोच राहतो. मला ते वाचून बरं वाटलं, म्हणजे मी काही आळशी नाही, जुनी माणसं पण तेवढंच चालत होती.

आता संध्याकाळच्या ड्रायव्हिंगबद्दल. ह्यावर कोणी बोलत नाही. दिवसभर चेनसॉ धरून हात थरथरतात, बोटं बधिर होतात, मान वर करून करून आखडते, आणि मग तोच माणूस अंधारात ट्रेलर ओढत घरी निघतो. पहाटे चारला उठून निघालेला माणूस रात्री नऊला स्टिअरिंगवर असेल तर तो १७ तास जागा आहे. डॉसन आणि रीड ह्या दोन संशोधकांनी १९९७ साली नेचर ह्या शास्त्रीय मासिकात दाखवलं होतं की सलग १७ तास जागं राहिलं की माणसाचं हातावरचं आणि लक्षावरचं नियंत्रण रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकं घसरतं. अनेक देशांत तेवढ्यावर ड्रायव्हरला पकडतात. युरोपात मोठ्या ट्रकवाल्याला साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावं लागतं असा कायदाच आहे, पण तो ज्याचा धंदाच गाडी चालवणं आहे त्याच्यासाठी. झाडावरून उतरलेल्या माणसाने किती चालवावं हे त्याला कोणी सांगत नाही. मी एकदा डुलकी लागून रस्त्याच्या कडेला उतरलो होतो, काही झालं नाही, मागे दोघं झोपलेले होते त्यांना कळलंही नाही. मी पण त्यांना सांगितलं नाही.

आणि सकाळचं पण तेच. दोन तास गाडीत आखडून बसल्यावर लगेच हार्नेस घालून वर चढायचं, अंग गरम नाही, डोकं अजून रस्त्यावर. वर जर कोणाला लागलं, शुद्ध हरपून माणूस दोरावर लटकला, तर त्याला मिनिटांत खाली घ्यावं लागतं, म्हणून खाली उभ्या असलेल्यांपैकी एकाला तरी चढून खाली आणता आलंच पाहिजे, हा पहिला नियम. दुसरा नियम, चढायच्या आधी सगळ्यांना तिथला नेमका पत्ता तोंडपाठ हवा आणि जवळचा दवाखाना कुठे ते माहीत हवं. माझ्या भागात हे मला झोपेतही सांगता येईल. अनोळखी ठिकाणी मी आधी पोरांकडून पत्ता मोठ्याने म्हणून घेतो, ती हसतात, हसू देत.

अजून एक गोष्ट गाडीबरोबर जाते ती म्हणजे रोग. झाडाचे रोग करवतीच्या पात्याला, बुटाच्या चिखलाला, गाडीत राहिलेल्या फाट्याला चिकटून प्रवास करतात. अमेरिकेत २००२ साली डेट्रॉइटच्या आसपास एक हिरवा चमकदार किडा सापडला, एमराल्ड ॲश बोरर, ॲश नावाच्या तिकडच्या झाडाच्या सालीखाली राहून झाड मारतो. तो स्वतः उडून उडून किती जाणार, पण लोकांनी जळाऊ लाकडं गाडीत टाकून इकडून तिकडे नेली आणि आज तो तीसहून जास्त राज्यांत आहे, मेलेल्या झाडांचा हिशोब कोट्यवधींत. म्हणून तिकडे सारखं सांगतात, लाकूड जिथलं तिथेच जाळा. आम्ही तर एका दिवसात आजारी झाडावरून निरोगी झाडावर तीच करवत घेऊन जाणारी माणसं, जितकी लांब जाऊ तितका रोग लांब. करवत आणि कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसणं, बूट झाडून घेणं, गाडी तिथेच रिकामी करून निघणं, एवढं तरी जमतं. पण पुन्हा तेच, घाईत असलेला माणूस काय काय करणार.

पोरांच्या मजुरीबद्दल आमच्याच लोकांना चार शब्द. बरेच ठेकेदार रस्त्यातले तास कामात धरत नाहीत. गाडीत बसलेला असतो ना, झोपतोच तर, त्याचे कसले पैसे. अरे पण तो तुझ्या गाडीत तुझ्या कामासाठी बसलाय, घरी नाही झोपलेला. २०१५ साली युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सांगितलंय की ज्यांची कामाची ठरलेली जागा नसते त्यांचा घरून पहिल्या गिऱ्हाईकापर्यंतचा आणि शेवटच्या गिऱ्हाईकाकडून घरापर्यंतचा प्रवास हा कामाचाच वेळ आहे. आपापल्या ठिकाणचा कायदा काय ते बघून घ्या, मी कायद्याचा माणूस नाही. पण ज्या दिवसापासून मी रस्त्याचे तास मजुरीत धरायला लागलो ना, त्या दिवसापासून लांबची निम्मी कामं आपोआप परवडेनाशी झाली. म्हणजे आधी ती परवडत होती ती पोरांच्या जिवावर परवडत होती.

आता कोणी म्हणेल म्हणजे लांब जायचंच नाही का. तसं नाही. वादळ झालं तर अंतर बघायचं नसतं. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला एका रात्रीत दीड कोटीच्या आसपास झाडं पडली, असल्या वेळी तिथली माणसं किती पुरणार, जिथून मिळतील तिथून यायलाच पाहिजेत. पण अशा वेळी मुक्काम करून राहावं, रोज ये-जा करू नये. आणि वादळानंतर दारोदार फिरणारे असतात त्यांच्यापासून जरा सांभाळून, पडलेलं झाड उचलायला येतात आणि उभं असलेलं पण धोक्याचं आहे म्हणून कापून जातात, महिन्याने फोन लावला तर लागत नाही. मोठं काम, आठवडाभराचं, तेही लांब असलं तरी जमतं, कारण प्रवास एकदाच. क्रेनवाले, किंवा खोड आतून किती कुजलंय ते यंत्राने मोजणारे, ही माणसं मुळातच मोजकी, ती लांबून येणारच आणि त्यांनी यावंच. ते बघून रिपोर्ट देतात, कापायचं काम नंतर जवळचा करू शकतो. मी स्वतः एका दिशेची लांबची तीन-चार कामं साठवून एकाच दिवशी लावतो, गिऱ्हाईकाला थांबायची तयारी असेल तर. वाळलेली फांदी रस्त्यावर लोंबत असेल तर अर्थात थांबायचं नाही, मग मी जवळच्या कोणाचा तरी नंबर देतो.

हो, नंबर देतो. धंद्यातले मित्र मला वेडा म्हणतात, हातचं गिऱ्हाईक दुसऱ्याला देतोस. पण तोही त्याच्याकडून लांब आणि माझ्या जवळ पडणारी कामं मला देतो. नाहीतर काखेत कळसा आणि गावाला वळसा असं दोघांचंही चाललेलं असतं, मी त्याच्या दारावरून जातोय, तो माझ्या.

त्या गृहस्थांना सांगायचं तर, पहिला जो म्हणाला लांब पडतं त्याने तुमचं काही बिघडवलं नाही, उलट जवळचा कोण आहे एवढं त्याला विचारलं असतं तर त्याने बहुतेक सांगितलं असतं. दुसऱ्याने येण्याजाण्याचे वेगळे मागितले म्हणजे निदान हिशोब उघडा ठेवला. तिसरा म्हणाला वेगळं काही नको, पण डिझेल त्याला कोणी फुकट देत नाही, ते कुठल्यातरी आकड्यात आहेच, नाहीतर कामात आहे. मी तिसरा होतो म्हणून सांगतोय. त्याला बोलवायचंच असेल तर पैसे ठरवायच्या आधी एवढं विचारा की काम करायच्या आधी एकदा नुसतं बघायला येणार का, आणि काम झाल्यावर वर्षाने एकदा बघायला येणार का. फोटो, व्हिडिओ कॉल ठीक आहे, पहिला अंदाज येतो, पण बुंध्याशी मातीलगत उगवलेली अळंबी फोटोत कोणी दाखवत नाही आणि खोडावर हातोडी ठोकून येणारा पोकळ आवाज फोनवर कळत नाही. बघायला यायला नाही म्हणाला तर समजा. आणि तो झाडावर असताना खालून "अजून थोडं" म्हणू नका, ही विनंती, पाया पडून विनंती.

त्या दोन तासांवरच्या झाडाचं पुढे काय झालं ते राहिलंच. पाच-सहा वर्षांनी त्या गृहस्थांचा परत फोन आला, त्यांना मीच हवा होतो. मी गेलो नाही, त्यांच्यापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या एका पोराचा नंबर दिला, जो माझ्याकडेच दोन वर्षं दोर धरायला होता. आता तोच बघतो ते झाड. पोकळीच्या वरचं वजन त्याने तीन वेळा मिळून थोडं थोडं कमी केलं, एकदम नाही. मागच्या महिन्यात त्याने मला फोटो पाठवला. माझे बरेचसे काप दिसतात, कडेने साल गोल चढत आलीय, एक-दोन तर जवळजवळ मिटलेत. आणि शेडच्या बाजूला एक वीतभर खुंट आहे, वाळून काळा पडलेला, त्याच्याभोवती साल येऊन अडलीय. त्याने फोटोखाली विचारलंय, दादा हा तुमचाच का? माझाच. त्या दिवशी सहा वाजून गेले होते.

आपला,
एक झाड कटिंगवाला
(नाव छापू नये ही विनंती, गिऱ्हाईकं ओळखतील)